चित्रामागची कृती

प्रयोगवहीचे ठरलेले भाग सर्व विज्ञानशिक्षकांना परिचित आहेत. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे आणि अनुमान. यांपैकी ‘कृती’ लिहिण्याचा विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त कंटाळा असतो. प्रयोग झाला, उत्तर आले, मग काय केले ते पुन्हा कशाला लिहायचे, असे त्यांना वाटते. आपण त्यांना सांगतो, की तुमची वही वाचून दुसऱ्या कोणालाही तोच प्रयोग तसाच करता आला पाहिजे. तसे झाले नाही, तर तुमच्या अनुमानावर विश्वास ठेवायला आधार उरत नाही.

हाच नियम छायाचित्रांना लावला तर काय दिसेल? सूक्ष्मदर्शकातून घेतलेले कांद्याच्या पेशींचे छायाचित्र असो, चंद्रावरील विवरांचे असो की आयोडिनच्या परीक्षेनंतरच्या पानाचे असो, विद्यार्थी ते प्रकल्पात चिकटवण्यापूर्वी संगणकावर किंवा मोबाइलवर थोडे ‘सुधारून’ घेतो. उजेड वाढवतो, कडा ठळक करतो, डाग काढतो. या प्रत्येक सुधारणेला सॉफ्टवेअरच्या भाषेत फिल्टर म्हणतात. कोणता फिल्टर, किती प्रमाणात आणि कोणत्या क्रमाने लावला, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. म्हणजे चित्र हे निरीक्षण म्हणून समोर येते आणि त्यामागची कृती गायब असते.

ही कृती लिहून ठेवण्याचे साधन संगणकाच्या जगात फार पूर्वीपासून आहे. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. सॉफ्टवेअरने एकामागून एक काय करायचे याच्या आज्ञांची ती लेखी यादी असते. अमुक फाइल उघड, तिच्यावर अमुक फिल्टर अमुक प्रमाणात लाव, नव्या नावाने साठव, मग पुढची फाइल घे. स्क्रिप्टमुळे काम झटपट होते एवढेच सहसा सांगितले जाते. तिचा खरा उपयोग त्याहून मोठा आहे, हे तिचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

चित्राचे आकडे झाले

चित्रावर संगणकाने काम करायचे, तर आधी चित्राचे आकडे व्हावे लागतात. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीॲक नावाच्या संगणकाला जोडून एक स्कॅनर तयार केला. कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे सुमारे ५ सेंटिमीटर बाजूचे छायाचित्र त्यावर चढवले. चित्राचे १७६ ओळी आणि १७६ स्तंभ पाडले गेले, म्हणजे एकूण ३०,९७६ चौकोन झाले. प्रत्येक चौकोन काळा की पांढरा एवढेच यंत्राला कळत असे. करड्या छटा मिळवण्यासाठी तेच चित्र निरनिराळ्या मर्यादा ठरवून पुन्हा पुन्हा स्कॅन करावे लागले. या चौकोनांना पुढे पिक्सेल हे नाव मिळाले. आपण त्यांना चित्रबिंदू म्हणू.

आठ वर्षांनी, १९६५ च्या जुलै महिन्यात, मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि दुसऱ्या ग्रहाची जवळून घेतलेली छायाचित्रे पृथ्वीवर प्रथमच आली. प्रत्येक छायाचित्रात २०० गुणिले २०० चित्रबिंदू होते आणि प्रत्येक बिंदूची तेजस्विता ० ते ६३ यांपैकी एका आकड्याने दाखवलेली होती. ६४ पायऱ्या दाखवायला ६ बिट लागतात. म्हणजे एका चित्राचे ४०,००० गुणिले ६, असे २,४०,००० बिट झाले. यानाकडून माहिती येण्याचा वेग होता सेकंदाला ८ पूर्णांक १/३ बिट. भागाकार केला तर २८,८०० सेकंद येतात, म्हणजे एका चित्राला तब्बल आठ तास!

कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत या चित्रांची वाट पाहणाऱ्या अभियंत्यांना धीर धरवेना. संगणकाकडून तयार चित्र मिळण्याआधीच त्यांनी येणारे आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापून घेतले, त्या पट्ट्या एका फलकावर शेजारी शेजारी लावल्या आणि रिचर्ड ग्रम यांनी खडूच्या रंगांनी ते आकडे रंगवले. अमुक आकड्यापासून अमुक आकड्यापर्यंत हा रंग, त्यापुढे तो रंग, असा नियम ठरलेला होता. मंगळाचे हे हाताने रंगवलेले चित्र पुढे चौकटीत बसवून संस्थेच्या संचालकांना भेट देण्यात आले.

या प्रसंगाकडे गंमत म्हणून पाहता येते, पण त्यात एक तत्त्व दडलेले आहे. ग्रम यांनी चित्र मनाने रंगवले नाही. आकड्याकडून रंगाकडे जाण्याचा एक नियम होता आणि तो सर्व ४०,००० बिंदूंना सारखाच लागू होता. आकड्यांचा तोच कागद आणि तोच नियम दुसऱ्या कोणाला दिला असता, तर तेच चित्र तयार झाले असते. फिल्टर म्हणतात तो असाच एक नियम असतो.

फळ्यावरचा फिल्टर

फिल्टर कसा काम करतो हे संगणकाशिवाय, फळ्यावर समजावून देता येते. चित्रातील एका ओळीचे सहा बिंदू घेऊ. त्यांची तेजस्विता अशी आहे.

१०, १०, १०, ४०, ४०, ४०

डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड आणि मध्ये कडा. आता प्रत्येक बिंदूच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी या तिघांची सरासरी लिहू. टोकाचे बिंदू तसेच ठेवू. मिळेल ते असे.

१०, १०, २०, ३०, ४०, ४०

कडा पसरली, चित्र धूसर झाले. हा झाला धूसर करणारा फिल्टर. आता मूळ ओळीतून ही धूसर ओळ वजा करू.

०, ०, –१०, +१०, ०, ०

जेथे काही बदल नव्हता तेथे शून्य आले आणि कडेजवळ तेवढे आकडे उरले. हा फरक मूळ ओळीत मिळवला, की होते

१०, १०, ०, ५०, ४०, ४०

कडा पूर्वीपेक्षा ठळक झाली. आधी ३० चा फरक होता, आता तो ५० चा झाला. या फिल्टरला ‘अनशार्प मास्क’ म्हणतात. त्याचे नाव आणि युक्ती संगणकापेक्षा जुनी आहे. अंधाऱ्या खोलीत काचेच्या निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत मूळ निगेटिव्हला जोडून छापण्याची ही पद्धत होती. ऑस्ट्रेलियातील खगोलछायाचित्रकार डेव्हिड मॅलिन यांनी १९७० च्या दशकात तिचा वापर करून दीर्घिकांच्या छायाचित्रांतील दडलेले बारकावे उजेडात आणले.

मात्र शेवटच्या ओळीकडे नीट पाहावे. तिच्यात ० आणि ५० हे आकडे आहेत. मूळ ओळीत ते कोठेच नव्हते. कडेच्या एका बाजूला जास्तीची काळी आणि दुसऱ्या बाजूला जास्तीची पांढरी रेघ फिल्टरने निर्माण केली. सूक्ष्मदर्शकाखालील पेशीच्या छायाचित्रात अशी रेघ दिसली, तर अजाण निरीक्षकाला ते दुहेरी आवरण वाटू शकेल. म्हणून फिल्टर लावला होता की नाही आणि किती, हे कळणे आवश्यक असते.

क्रमालाही तेवढेच महत्त्व आहे. दुसरी ओळ घेऊ.

१०, १०, १०, ७०, १०, १०, १०

मधला ७० हा खरा नसून संदेशातील गोंगाटामुळे आलेला पांढरा ठिपका आहे असे समजू. तो काढायला मध्यकाचा फिल्टर वापरतात. संख्याशास्त्रात आपण शिकवतो तोच हा मध्यक. प्रत्येक बिंदू आणि त्याचे दोन शेजारी चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला आकडा घ्यायचा. तसे केले, की सर्व ओळ १० ची होते आणि ठिपका जातो. त्यानंतर कडा ठळक करणारा फिल्टर लावला, तरी काही बदलत नाही.

आता क्रम उलटा करू. आधी कडा ठळक करू. वरीलप्रमाणे आकडेमोड केली तर ७० चे ११० होतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे १० हे उणे १० होतात. तेजस्विता उणे असू शकत नाही, म्हणून तेथे शून्य लिहायचे.

१०, १०, ०, ११०, ०, १०, १०

यावर मध्यकाचा फिल्टर लावला, तर मधल्या जागी ०, ११०, ० यांचा मध्यक ० येतो आणि ओळ होते

१०, १०, १०, ०, १०, १०, १०

पांढऱ्या ठिपक्याच्या जागी काळा ठिपका आला! फिल्टर तेच दोन, प्रमाण तेच, मूळ चित्र तेच. केवळ क्रम बदलल्याने पांढऱ्याचे काळे झाले. ‘गोंगाट काढला आणि कडा ठळक केल्या’ एवढे वाक्य लिहून भागत नाही, ते यामुळेच. स्वयंपाकाच्या कृतीत ‘चवीपुरते मीठ’ चालते, येथे ते चालत नाही.

पासाडेनाची भाषा

ही अडचण सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर जाणवली ती पुन्हा पासाडेनाच्याच प्रयोगशाळेत. ३१ जुलै १९६४ रोजी रेंजर ७ हे यान चंद्रावर आदळले आणि आदळण्यापूर्वीच्या काही मिनिटांत त्याने ४,००० हून अधिक छायाचित्रे पाठवली. ती दूरचित्रवाणीच्या संदेशासारखी होती. रॉबर्ट नेथन यांनी ती आकड्यांत रूपांतरित करून घेतली आणि कॅमेऱ्यामुळे आलेली वेडीवाकडी ओढ, उजेडातील असमानता व नियमित येणारा गोंगाट संगणकाने काढून टाकण्याच्या पद्धती बसवल्या. प्रत्येक दोषासाठी वेगळी आज्ञावली होती. पण चित्रे हजारोंनी येऊ लागल्यावर प्रत्येक वेळी आज्ञावलीकाराने नवी जुळवाजुळव करणे परवडणारे नव्हते. शिवाय चित्रांचा अर्थ लावणारे भूवैज्ञानिक आज्ञावली लिहिणारे नव्हते.

यावर १९६६ साली त्या प्रयोगशाळेत जो उपाय निघाला, त्याचे नाव व्हायकार. ही चित्रांवर काम करणाऱ्या छोट्या छोट्या आज्ञावल्यांची एक मांडणी होती आणि त्या आज्ञावल्यांना क्रमाने कामाला लावणारी एक सोपी भाषाही तिच्यासोबत होती. कोणते चित्र घ्यायचे, कोणती आज्ञावली चालवायची, तिला कोणते आकडे द्यायचे आणि निकाल कोठे ठेवायचा, एवढे ओळीने लिहिले की पुरे. त्या काळी हे लिखाण छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर होत असे. पत्त्यांचा एक जुडगा म्हणजे एका चित्राची संपूर्ण कृती. तोच जुडगा दुसऱ्या चित्रासाठी पुन्हा यंत्रात घालता येई. आपण आज जिला स्क्रिप्ट म्हणतो ती हीच. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांनी पाठवलेली गुरू आणि शनीची चित्रे याच व्यवस्थेतून गेली.

व्हायकारमध्ये आणखी एक गोष्ट होती आणि आमच्या मते या इतिहासातील ती सर्वांत मोलाची आहे. व्हायकारच्या प्रत्येक चित्राच्या फाइलीला एक लेखी पट्टी जोडलेली असते. चित्रावर कोणती आज्ञावली चालली, कोणी चालवली, कोणत्या दिवशी आणि किती वाजता, याची नोंद तिच्यात आपोआप होत जाते. पाच संस्कार झाले तर पाच नोंदी. चित्र जेथे जाईल तेथे त्याचा इतिहास त्याच्याबरोबर जातो. रुग्णाच्या खाटेला अडकवलेल्या तक्त्यासारखीच ही सोय आहे.

खगोलशास्त्रज्ञांनीही हेच केले. वेगवेगळ्या वेधशाळांना एकमेकांची चित्रे वाचता यावीत म्हणून ‘फिट्स’ नावाचा फाइलीचा एक समान साचा ठरवण्यात आला आणि १९८१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात ‘हिस्टरी’ असा एक शब्द राखून ठेवला आहे. त्या शब्दापुढे चित्रावर झालेल्या संस्कारांची नोंद करायची. हा साचा आजही जगभर वापरात आहे. आपल्याकडे जुन्नरजवळील गिरवली येथे २००६ साली सुरू झालेल्या, पुण्याच्या आयुका या संस्थेच्या २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतील प्रतिमाही याच साच्यात साठवल्या गेल्या आहेत.

माऊस आला, नोंद गेली

१९८० च्या दशकात संगणक टेबलावर आला आणि चित्रांचे काम मोठ्या प्रयोगशाळांबाहेर पडले. मिशिगन विद्यापीठात संशोधन करणारे थॉमस नोल यांनी १९८७ साली पडद्यावर करड्या छटा दाखवणारी एक आज्ञावली लिहायला घेतली. त्यांचे बंधू जॉन हे चित्रपटांच्या विशेष दृश्यांचे काम करणाऱ्या कंपनीत होते. दोघांनी मिळून ती वाढवली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने ती फोटोशॉप या नावाने बाजारात आणली. फिल्टर आता यादीतून निवडायचा, एक पट्टी डावी-उजवीकडे सरकवायची आणि डोळ्यांना बरे दिसेल तेथे थांबायचे. वृत्तपत्रे, छापखाने आणि स्टुडिओ यांना तर हे वरदानच वाटले.

यात हाताची सोय झाली, पण नोंद हरवली. पट्टी कोठे थांबवली होती हे काम संपल्यावर करणाऱ्यालाही सांगता येत नसे. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत ‘हिस्टरी’ नावाची चौकट आली, तीत मागच्या पायऱ्या दिसू लागल्या. पण फाइल बंद केली, की ती यादी पुसली जाई. नोंद कायमची जपण्याची सोय पुढे २००३ च्या आवृत्तीत आली, तरी ती वापरणाऱ्याने आठवणीने सुरू करावी लागते.

स्क्रिप्ट परत आली ती मात्र नोंदीच्या ओढीने नव्हे. कंटाळा हे त्याचे कारण होते. शंभर छायाचित्रांवर तेच चार फिल्टर शंभर वेळा कोण लावत बसणार? १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत फोटोशॉपने ‘ॲक्शन्स’ ही सोय दिली. या शब्दाचा मराठी अर्थ कृती असाच आहे, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. एका चित्रावर आपण जे जे करू ते ध्वनिमुद्रणासारखे टिपून ठेवायचे आणि मग उरलेल्या चित्रांवर तेच एका कळीने चालवायचे. पुढे २००३ पासून प्रत्यक्ष आज्ञा लिहून फोटोशॉप चालवण्याची सोयही त्यातच समाविष्ट झाली.

दुसऱ्या बाजूने आणखी काही प्रवाह आले. ड्यूपाँ कंपनीत काम करणारे जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये सुरू केलेले आणि १९९० मध्ये सर्वांसाठी मोफत खुले केलेले इमेजमॅजिक हे सॉफ्टवेअर मुख्यतः लेखी आज्ञांवरच चालते. एका ओळीची आज्ञा द्यावी आणि चित्र बदलून मिळावे. अशा अनेक ओळी एका फाइलीत लिहिल्या, की स्क्रिप्ट झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९८७ मध्ये जीववैज्ञानिकांसाठी एनआयएच इमेज तयार केले आणि १९९७ मध्ये त्याचाच पुढचा अवतार म्हणून इमेजजे आणले. इमेजजेमध्ये ‘रेकॉर्डर’ नावाची खिडकी उघडी ठेवली, की माऊसने केलेली प्रत्येक क्रिया तीत लेखी आज्ञा म्हणून उमटत जाते. शिकणाऱ्यासाठी ही फार उत्तम सोय आहे, कारण दाबलेले बटण आणि त्याची आज्ञा दोन्ही एकाच वेळी दिसतात.

तिसरा प्रवाह गिम्पचा. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस, यांनी १९९५ मध्ये ते सुरू केले. जून १९९८ मध्ये गिम्पची १.० ही आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात ‘स्क्रिप्ट-फू’ ही सोय होती. कुंग-फूवरून गमतीने दिलेले हे नाव. गिम्पमध्ये प्रत्येक फिल्टरची, त्याला लागणाऱ्या आकड्यांसह, एका अंतर्गत सूचीत नोंद असते. स्क्रिप्ट-फू त्या सूचीतील कोणताही फिल्टर नावाने हाक मारून बोलावू शकते. आज्ञा स्कीम या संगणकभाषेत लिहायच्या. प्रत्येक आज्ञेला कंस असल्याने ती सुरुवातीला क्लिष्ट वाटते, पण मजकूर अगदी साधा असतो. चित्र उघडा. त्यावर अनशार्प मास्क लावा, त्रिज्या ५, प्रमाण ०.५, किमान मर्यादा ०. चित्र साठवा. पुढचे घ्या. पट्टी ‘बरी दिसेल तेथे’ थांबवण्याला येथे जागाच नाही, प्रत्येक प्रमाण आकड्यात सांगावे लागते.

पणाला काय लागते?

या सगळ्याचे महत्त्व केवळ सोयीपुरते आहे काय? २००५ साली दक्षिण कोरियाचे संशोधक ह्वांग वू-सुक यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ११ मूलपेशी-वंश तयार केल्याचा दावा केला. चौकशीत असे आढळले, की दोन पेशी-वंशांची छायाचित्रे ११ वंशांची म्हणून दाखवण्यात आली होती. जानेवारी २००६ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. ज्या रुग्णांनी या संशोधनावर आशा ठेवली होती, त्यांची निराशा तर झालीच, पण त्या क्षेत्रातील प्रामाणिक संशोधकांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

सर्वच प्रकार इतके उघड लबाडीचे नसतात. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून स्वीकारलेल्या प्रत्येक निबंधातील चित्रे तपासायला सुरुवात केली. त्यांना जे आढळले त्यात फसवणूक थोडी आणि निष्काळजीपणा जास्त होता. एकाच भागाचा उजेड वाढवणे, नको असलेला डाग पुसणे अशा गोष्टी लोक सहज करत होते. त्यावरून त्यांनी जे नियम केले त्यांचा सारांश असा, की चित्रातील एखादाच भाग ठळक करू नये, झाकू नये, हलवू नये, काढू नये की घालू नये. उजेड वा छटा बदलायच्या तर संपूर्ण चित्रावर सारख्या बदलाव्यात. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ जीववैद्यकीय निबंधांतील चित्रे डोळ्यांनी तपासली, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत आक्षेपार्ह पुनरावृत्ती आढळली.

आपल्या वर्गातील उदाहरण घेऊ. पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकून, नंतर आयोडिनची परीक्षा करून, प्रकाश मिळालेल्या भागात स्टार्च तयार होतो हे आपण दाखवतो. समजा, विद्यार्थ्याने झाकलेल्या आणि उघड्या भागांची दोन वेगळी छायाचित्रे घेतली आणि पहिले चांगले दिसावे म्हणून त्याचाच उजेड वाढवला. आता दोन छायाचित्रांतील फरक स्टार्चचा किती आणि फिल्टरचा किती? त्याचा हेतू वाईट नव्हता, तरी तुलना बिघडली. दोन्ही छायाचित्रे एकाच स्क्रिप्टमधून गेली असती, तर निदान संस्कार समान राहिले असते. शंभर चित्रांवर सारखाच नियम लागू करणे हे काम दमलेल्या, घाईतल्या आणि आपल्या अपेक्षेला अनुकूल उत्तर शोधणाऱ्या माणसापेक्षा स्क्रिप्ट नक्कीच चांगले करते.

अर्थात स्क्रिप्टने सर्व काही साधते असे समजू नये. चुकीच्या क्रमाची स्क्रिप्ट हजार चित्रांत हजार काळे ठिपके तयार करील. ज्याला फसवायचेच आहे, तो स्क्रिप्ट लिहूनही फसवील. स्क्रिप्ट जुनीही होते. मार्च २०२५ मध्ये गिम्पची ३.० ही आवृत्ती आली, तेव्हा आज्ञांच्या रचनेत बदल झाल्याने अनेक जुन्या स्क्रिप्ट दुरुस्त केल्याशिवाय चालेनाशा झाल्या. म्हणून स्क्रिप्टसोबत सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती लिहिणे गरजेचे असते. आणि मूळ, संस्कार न केलेले चित्र जपले नसेल, तर उत्तम स्क्रिप्टही निरुपयोगी ठरते, कारण ती चालवायची कशावर?

हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. स्क्रिप्ट समोर असली, की वाद घालता येतो. तुमचा क्रम चुकला, हे प्रमाण जास्त झाले, असे दुसऱ्याला सांगता येते आणि बदल करून पाहता येतो. १० एप्रिल २०१९ रोजी एम-८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराच्या छायेची प्रतिमा जाहीर झाली. रेडिओ दुर्बिणींच्या माहितीवरून ती घडवताना संशोधकांनी आधी एकमेकांना निकाल न सांगणारे चार गट केले होते. नंतर तीन वेगवेगळ्या पद्धतींनी प्रतिमा तयार केल्या आणि त्या पद्धतींच्या स्क्रिप्ट सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. मूळ माहितीही प्रसिद्ध केली. इतर संशोधकांनी ती घेऊन स्वतः प्रतिमा घडवल्या, काहींनी आक्षेपही घेतले. आक्षेप घेता आला, हेच त्या कामाचे बळ आहे.

शाळेत काय करता येईल?

गिम्प आणि इमेजजे ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत आणि शाळेच्या साध्या संगणकावर चालतात. सुरुवात इमेजजेच्या रेकॉर्डरने करावी. विद्यार्थ्याला एका छायाचित्रावर दोन-तीन फिल्टर लावू द्यावेत आणि रेकॉर्डरमध्ये उमटलेल्या ओळी वहीत उतरवून घ्यायला सांगावे. मग ती वही आणि मूळ छायाचित्र वर्गातील दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावे. त्याला तेच चित्र मिळाले, तर कृती पूर्ण आहे. नाही मिळाले, तर कोणती ओळ सुटली ते दोघांनी शोधावे. त्यानंतर ओळींचा क्रम बदलून काय होते तेही पाहावे. वर फळ्यावर केलेले उदाहरण आधी झाले असेल, तर त्यांना निकालाचे आश्चर्य कमी आणि समज जास्त येईल.

जेथे संगणक नाही तेथेही प्रकल्पातील प्रत्येक छायाचित्राखाली चार ओळी लिहिण्याचा नियम करता येतो. मूळ छायाचित्र कोठे ठेवले आहे, कोणते सॉफ्टवेअर आणि त्याची कोणती आवृत्ती वापरली, कोणते फिल्टर किती प्रमाणात व कोणत्या क्रमाने लावले, आणि तुलनेच्या सर्व छायाचित्रांवर तेच लावले आहेत काय. काहीच बदल केला नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. प्रकल्प तपासताना आपण कृतीला गुण ठेवतोच. त्यातले दोन गुण या चार ओळींसाठी राखून ठेवले, तर विद्यार्थी त्या लिहू लागतील.